उष्ण हवामानातील माउंटन बाइक मॅरेथॉन

उष्ण हवामानातील माउंटन बाइक मॅरेथॉन म्हणजे डोंगरी, खडकाळ अथवा कच्च्या वाटांवरून दीर्घ पल्ल्याची सायकल शर्यत उन्हाळ्यात किंवा उष्ण प्रदेशात घेण्याचा प्रकार होय. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाच्या (यूसीआय) वर्गीकरणात माउंटन बाइक मॅरेथॉन ही सर्वसाधारणपणे ६० ते १६० किलोमीटर लांबीची शर्यत मानली जाते. अशा शर्यतीत चढ, खडी, वाळू व वारा यांच्याबरोबरच उष्णता हीदेखील स्पर्धकाची प्रतिस्पर्धी ठरते. स्पर्धकाचे स्नायू शरीराच्या आतून उष्णता निर्माण करतात, तर ऊन व तापलेली जमीन बाहेरून तिच्यात भर घालतात. हा भार शरीराच्या सहनशक्तीपलीकडे गेल्यास उष्माघात होऊन प्राणहानी होऊ शकते. त्यामुळे शर्यतीची वेळ, पाण्याची व्यवस्था आणि स्पर्धकाला वेळीच थांबवण्याचा अधिकार या बाबींना येथे विजेतेपदाइतकेच महत्त्व असते.

संज्ञा

‘मॅरेथॉन’ हा शब्द धावण्याच्या शर्यतीतून आला आहे. धावण्यात तो ४२.१९५ किलोमीटर या निश्चित अंतराचा वाचक आहे. माउंटन बाइकच्या संदर्भात मात्र तो निश्चित अंतर न दर्शवता दीर्घ पल्ला एवढाच अर्थ दर्शवतो. एकाच दिवसात संपणाऱ्या शर्यतीस मॅरेथॉन आणि अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीस टप्प्यांची शर्यत असे म्हणतात. मराठी बोलीत ‘ऊन लागणे’ हा वाक्प्रचार उष्णतेमुळे होणाऱ्या साध्या थकव्यापासून प्राणघातक उष्माघातापर्यंतच्या सर्व अवस्थांसाठी वापरला जातो. वैद्यकशास्त्रात या अवस्था वेगवेगळ्या मानल्या जातात व त्यांवरील उपचारही भिन्न आहेत.

इतिहास

माउंटन बाइकचा क्रीडाप्रकार म्हणून उगम १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात झाला. तेथे १९७६ मध्ये सुरू झालेली ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत या खेळाच्या आरंभीच्या शर्यतींपैकी एक होती. माउंटन बाइक क्रॉस-कंट्री या प्रकाराचा ऑलिंपिकमध्ये समावेश १९९६ च्या अटलांटा स्पर्धेत झाला. जॉर्जिया राज्यातील कॉनयर्स येथे जुलै महिन्याच्या उष्ण व दमट हवेत झालेल्या या शर्यतींत पुरुषांमध्ये नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटजेन्स आणि महिलांमध्ये इटलीची पाओला पेत्सो विजयी झाली. माउंटन बाइक मॅरेथॉनची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००३ पासून भरवली जाते. पहिली स्पर्धा स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली.

उष्ण प्रदेशातील अनेक दिवसांच्या शर्यतींमध्ये ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये सुरू झालेली क्रोकोडाइल ट्रॉफी, दक्षिण आफ्रिकेतील केप एपिक (२००४ पासून) आणि मोरोक्कोच्या वाळवंटात सुरू झालेली टायटन डेझर्ट (२००६ पासून) या प्रसिद्ध आहेत. केप एपिकमध्ये दोघांचा संघ असतो आणि दोन्ही सहकाऱ्यांमध्ये दोन मिनिटांहून अधिक अंतर पडू नये असा नियम आहे. आपल्या सहकाऱ्याचे वागणे बिघडत असल्याचे दुसऱ्याच्या चटकन लक्षात येते. म्हणून उन्हाच्या दृष्टीनेही हा नियम उपयुक्त ठरतो.

सायकल शर्यतींतील उष्णतेचा धोका जगापुढे आला तो मुख्यतः रस्त्यावरील शर्यतींमुळे. २६ ऑगस्ट १९६० रोजी रोम ऑलिंपिकमधील १०० किलोमीटर सांघिक शर्यतीत डेन्मार्कचा क्नुड एनमार्क येन्सन तीव्र उन्हात कोसळला आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. १३ जुलै १९६७ रोजी तूर द फ्रान्स शर्यतीत ब्रिटनचा टॉम सिम्पसन माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगराच्या माथ्याजवळ कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन हे उत्तेजक द्रव्य व मद्यांश आढळले होते. शर्यतीत पाणी कमी प्यावे अशी समजूत त्या काळी प्रचलित होती आणि स्पर्धकांना मिळणाऱ्या पाण्याच्या बाटल्यांवरही मर्यादा होती. या दोन मृत्यूंमुळे उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीचा प्रश्न ऐरणीवर आला. उत्तेजकामुळे थकव्याची जाणीव बोथट होते आणि शरीराने दिलेला थांबण्याचा इशारा स्पर्धकापर्यंत पोहोचत नाही. कडक उन्हात असे द्रव्य विशेष घातक ठरते, ते याच कारणाने.

उष्णतेचे गणित

सायकल चालवताना शरीरात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० ते २५ टक्केच ऊर्जा पायट्यांपर्यंत पोहोचते. उरलेली उष्णतेच्या रूपाने शरीरात साठते. चढावर २०० वॅट शक्ती लावणाऱ्या स्पर्धकाच्या शरीरात साधारण ६०० ते ८०० वॅट उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकली गेली नाही, तर ७० किलो वजनाच्या व्यक्तीचे तापमान सुमारे सहा मिनिटांत एक अंश सेल्सियसने वाढेल आणि अर्ध्या तासाच्या आतच ते धोक्याच्या पातळीपलीकडे जाईल.

ही उष्णता मुख्यतः दोन मार्गांनी बाहेर पडते : अंगावरून वाहणारी हवा आणि घामाचे बाष्पीभवन. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवेचे तापमान त्याहून अधिक झाले की अंगावरून जाणारी हवा शरीराला थंड करण्याऐवजी तापवू लागते आणि घामाचे बाष्पीभवन हाच एकमेव आधार उरतो. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाल्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. वर सांगितलेल्या स्पर्धकाला केवळ स्वतःच्या स्नायूंची उष्णता घालवण्यासाठी दर तासाला अंदाजे एक लिटर घाम गाळावा लागतो. उन्हाचा ताप याहून निराळा. प्रत्यक्षात दीर्घ शर्यतीत ताशी एक ते दोन लिटर घाम जाणे सामान्य आहे.

चढ व उतार यांचा परिणामही परस्परविरुद्ध असतो. सपाटीवर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना वारा मिळतो व घाम लवकर वाळतो. तीव्र चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो, वारा जवळजवळ थांबतो आणि नेमके याच वेळी स्नायूंचे काम सर्वाधिक असते. या कारणाने उष्माघाताचा धोका सर्वांत उष्ण ठिकाणापेक्षा पाठीमागून वारा असलेल्या लांब चढावर अधिक असू शकतो.

केवळ तापमापकातील आकड्यावरून धोका ठरवणे अपुरे असते. हवेतील आर्द्रता, ऊन व वारा यांचा एकत्रित विचार करण्यासाठी ‘ओला-गोलक तापमान निर्देशांक’ वापरला जातो. त्यात ओल्या तापमापकाच्या नोंदीला ७० टक्के, काळ्या गोलकातील तापमापकाच्या नोंदीला २० टक्के व हवेच्या तापमानाला १० टक्के महत्त्व दिले जाते. यूसीआयच्या उच्च तापमानविषयक नियमावलीत हा निर्देशांक २८ अंश वा त्याहून अधिक असल्यास सर्वोच्च धोक्याची पातळी मानली जाते. अशा वेळी प्रारंभाची वेळ बदलणे, मार्ग कमी करणे किंवा शर्यत रद्द करणे यांचा विचार केला जातो.

शरीरावरील परिणाम

उष्णतेमुळे होणाऱ्या विकारांच्या प्रमुख अवस्था पुढीलप्रमाणे आहेत.

उष्णतेचे पेटके : पोटऱ्या, मांड्या वा पोटाच्या स्नायूंमध्ये वेदनादायक गोळे येतात. थांबून स्नायू ताणणे, सावली व क्षारयुक्त पेय यांनी सहसा आराम पडतो.

उष्णताजन्य थकवा : चक्कर, मळमळ, डोकेदुखी, भरपूर घाम व अशक्तपणा ही लक्षणे दिसतात. स्पर्धक शुद्धीवर असतो व नीट बोलतो. त्याला शर्यतीतून थांबवून सावलीत आडवे करणे, पाय उंच ठेवणे व अंग गार करणे आवश्यक असते.

उष्माघात : शरीराच्या गाभ्याचे तापमान ४० अंशांहून अधिक होते आणि मेंदूच्या कार्यात बिघाड होतो. असंबद्ध बोलणे, चिडचिड, झोकांड्या जाणे, दिशा चुकणे व शुद्ध हरपणे ही त्याची चिन्हे होत. ‘उष्माघात झाला की अंग कोरडे पडते’ ही समजूत श्रमजन्य उष्माघाताबाबत दिशाभूल करणारी आहे; शर्यतीत कोसळलेल्या स्पर्धकाचे अंग पुष्कळदा घामाने निथळत असते.

सोडियमची कमतरता : तासन्‌तास गरजेपेक्षा अधिक साधे पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपणा व झटके ही लक्षणे वरकरणी उष्माघातासारखी भासतात, परंतु अशा रुग्णाला आणखी पाणी पाजणे घातक ठरते. शर्यतीच्या अखेरीस वजन कमी होण्याऐवजी वाढले असल्यास हा विकार असण्याची शक्यता असते.

उष्माघातात मेंदूवरच परिणाम होत असल्याने ‘मी ठीक आहे, मला जाऊ द्या’ हे स्पर्धकाचे म्हणणे विश्वासार्ह राहत नाही. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत जिद्द हा गुण मानला जातो. या एका प्रसंगी मात्र तीच जिद्द घातक ठरते. म्हणून स्पर्धकाला थांबवण्याचा अंतिम अधिकार वैद्यकीय पथकाकडे असावा लागतो. स्पर्धकाला त्याचे नाव, दिवस किंवा मागील पाणीकेंद्र असे साधे प्रश्न विचारणे ही चाचणी सोपी व उपयुक्त आहे.

प्रथमोपचार

श्रमजन्य उष्माघातात ‘आधी गार करा, मग रुग्णालयात न्या’ हे तत्त्व मान्य झालेले आहे. रुग्णाला मानेपर्यंत थंड वा बर्फाच्या पाण्यात बसवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आणल्यास जीव वाचण्याची शक्यता पुष्कळच वाढते. मोठे टब नसल्यास ताडपत्रीचा खोलगट झोळ करून त्यात रुग्णाला ठेवून गार पाणी ओतता येते. तेही शक्य नसेल तर सतत पाणी ओतणे, ओली फडकी बदलत राहणे व वारा घालणे हे उपाय करतात. शुद्धीवर नसलेल्या रुग्णाला तोंडाने काहीही पाजू नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा आपत्कालीन क्रमांक उपलब्ध आहे.

कैरीचे पन्हे, ताक, लिंबू सरबत ही महाराष्ट्रातील पारंपरिक पेये मीठ व साखर किंवा मीठ व पाणी पुरवतात. थकव्याच्या अवस्थेत व शर्यतीपूर्वी ती उपयुक्त आहेत. कांदा खिशात ठेवणे किंवा त्याचा रस अंगाला चोळणे यांसारखे उपाय मात्र उष्माघातात तापमान उतरवण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

पाणी, क्षार व आहार

घामात पाण्याबरोबर प्रामुख्याने सोडियम जाते. त्याचे प्रमाण व्यक्तीनुसार लिटरमागे अर्धा ग्रॅम ते दीड ग्रॅम वा त्याहून अधिक असते. सराव संपल्यावर काळ्या कपड्यावर पांढरे पट्टे उमटत असल्यास घामातून क्षार अधिक जात असल्याचे समजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तयार होणाऱ्या जलसंजीवनीच्या एक लिटर द्रावणात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. हे द्रावण मूलतः अतिसारावरील उपचारासाठी आहे. शर्यतीत ते क्षार भरून काढू शकते, परंतु त्यातून मिळणारी ऊर्जा अल्प असल्यामुळे आहार वेगळा घ्यावा लागतो. केळी, खजूर, गूळ-शेंगदाणे, चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे असे पदार्थ पाणीकेंद्रांवर ठेवण्यास सोयीचे असतात.

किती पाणी प्यावे याचे सर्वांना लागू पडणारे एकच प्रमाण नाही. सरावाच्या आधी व नंतर वजन करून आपला घाम ताशी किती जातो हे प्रत्येकाने ठरवून ठेवावे लागते. एका तासात वजन ८०० ग्रॅमने घटले आणि त्या तासात ५०० मिलिलिटर पाणी प्यायले गेले असेल, तर घाम सुमारे १.३ लिटर गेला असे समजते. शर्यतीत तहानेनुसार पिणे, वजन वाढू न देणे आणि दोन-तीन टक्क्यांहून अधिक घटू न देणे हे साधारण सूत्र मानले जाते.

पूर्वतयारी

उन्हाची सवय लावून घेण्यास सामान्यतः ७ ते १४ दिवस लागतात. रोज एक ते दीड तास उष्णतेत हलका सराव केल्यास रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर व अधिक येऊ लागतो, त्यातील क्षारांचे प्रमाण घटते आणि त्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. सराव सुटल्यावर ही सवय काही आठवड्यांत ओसरते. ताप, जुलाब, अपुरी झोप किंवा काही औषधे यांमुळे सवय झालेल्या व्यक्तीलाही उष्माघात होऊ शकतो. आदल्या आठवड्यात ताप येऊन गेलेल्या स्पर्धकाने शर्यत टाळणेच योग्य मानले जाते.

साधनांमध्ये हवा खेळणारे हेल्मेट, फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, दोन बाटल्या व पाठीवरील पाण्याची पिशवी यांचा समावेश होतो. सकाळी गारव्यात टायरमध्ये भरलेल्या हवेचा दाब तापलेल्या जमिनीवर वाढतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

सोलापूर परिसर

सोलापूर हे महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेजवळील शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५७ मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेथील कमाल तापमान वारंवार ४० अंशांपलीकडे जाते. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक असल्यास उष्णतेची लाट मानली जाते. ४५ अंशांची प्रत्यक्ष नोंद झाल्यासही ती जाहीर होते. सोलापुरात उन्हाळ्याचे सरासरी तापमानच मोठे असल्यामुळे लाट जाहीर झालेली नसतानाही तेथील दुपार दीर्घ श्रमांसाठी धोकादायक असू शकते.

तेथील उन्हाळा मुख्यतः कोरडा असतो. कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो व शरीर थंड राहते हा लाभ आहे. परंतु अंग ओले दिसत नसल्याने किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. मुंबई वा कोकणातील दमट हवेत सराव केलेल्या स्पर्धकाची येथे फसगत होते ती याचमुळे.

माउंटन बाइकच्या दृष्टीने या परिसराचे तीन भाग पडतात. भीमा व सीना नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या मातीच्या पाणंद वाटा उन्हाळ्यात टणक व भेगाळलेल्या असतात. नान्नजसारख्या भागातील माळराने मुरमाड व सावलीविरहित आहेत. नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या क्षेत्रात प्रवेशासाठी वनविभागाचे निर्बंध लागू होतात. ईशान्येस सुमारे ४५ किलोमीटरवर असलेले तुळजापूर बालाघाटच्या डोंगररांगेत असून तेथे जाताना घाटाचा चढ लागतो. वेडी बाभूळ व सराटे यांच्या काट्यांमुळे पंक्चर हा येथील नित्याचा प्रकार आहे. त्यावर ट्यूबलेस टायर व त्यातील छिद्र बुजवणारे द्रव उपयोगी पडते. उन्हात बसून पंक्चर काढण्यात जाणारी वीस मिनिटे हीदेखील उष्णतेच्या हिशेबात धरावी लागतात. मे महिन्यातील वळवाच्या पावसानंतर काळी माती चाकांना व चेनला चिकटून सायकल अक्षरशः जागीच अडते.

उन्हाळ्याच्या अखेरीस वाटेवरील ओढे व विहिरी कोरड्या पडतात आणि अनेक गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते. अशा भागात आयोजन करताना स्पर्धेचे पाणी स्वतंत्रपणे आणणे, गावाच्या साठ्यावर भार न टाकणे हे आयोजकाचे कर्तव्य ठरते.

वेळापत्रक व शेवटचा स्पर्धक

सोलापूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास सूर्योदय सहाच्या थोडा आधी होतो आणि कमाल तापमान साधारण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असते. पहाटे साडेपाचला निघालेला ताशी १६ किलोमीटर वेगाचा स्पर्धक ८० किलोमीटर अंतर साडेदहापर्यंत पूर्ण करतो. ताशी १० किलोमीटर वेगाच्या स्पर्धकाला तेच अंतर संपवण्यास दुपारचा दीड वाजतो. विजेत्याचा बराचसा पल्ला सकाळच्या गारव्यात पार पडतो, तर शेवटचे तीन तास उन्हाच्या कडाक्यात काढतो तो सर्वांत मागे असलेला, बहुधा कमी सराव असलेला स्पर्धक. पाणीकेंद्रांवरील साठाही त्याच्यापर्यंत संपत आलेला असतो.

म्हणून उन्हाळी शर्यतीचे नियोजन आघाडीच्या स्पर्धकाऐवजी शेवटच्या स्पर्धकाला समोर ठेवून करावे लागते. ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेत न पोहोचणाऱ्यांना थांबवण्याची मर्यादा कठोरपणे पाळणे, मागोमाग येणारे वाहन ठेवणे, शेवटच्या केंद्रावर सर्वाधिक पाणी व बर्फ राखून ठेवणे आणि थांबवलेल्या स्पर्धकाला सावलीत परत आणणे या व्यवस्था अत्यावश्यक मानल्या जातात.

महाराष्ट्रातील सायकलपटू

महाराष्ट्रातील दीर्घ पल्ल्याच्या सायकलपटूंनी तीव्र उष्णतेचा सामना प्रामुख्याने रस्त्यावरील शर्यतींत केला आहे. अमेरिकेतील ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही १९८२ मध्ये सुरू झालेली सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जून महिन्यात होते आणि तिच्या आरंभीच्या टप्प्यात कॅलिफोर्निया व ॲरिझोनातील वाळवंट पार करावे लागते. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ही शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती पहिल्याच प्रयत्नात पूर्ण केली. नवी मुंबईचे कबीर राचुरे यांनी २०१९ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. या शर्यतीत स्पर्धकासोबत सहायकांचे पथक व वाहन असते. माउंटन बाइक मॅरेथॉनमध्ये वाहन पोहोचू न शकणारे लांब पट्टे असल्याने स्पर्धकाला पाणी, दुरुस्ती व दिशा यांबाबत पुष्कळसे स्वावलंबी राहावे लागते.

भारतात माउंटन बाइकची अनेक दिवसांची प्रमुख शर्यत ‘एमटीबी हिमालय’ ही २००५ मध्ये हिमाचल प्रदेशात सुरू झाली. पुणे ते गोवा ही ‘डेक्कन क्लिफहँगर’ शर्यत पावसाळ्यानंतर, हिवाळ्याच्या तोंडावर घेतली जाते.

हे सुद्धा पहा

उष्माघात
जलसंजीवनी
माउंटन बाइक
रेस अक्रॉस अमेरिका
सोलापूर जिल्हा